चिखलातला अगस्ती

आमच्या साखर कारखान्यातल्या बॉयलर हाउसच्या मागे एक लोखंडी जिना होता. त्याच्या तिसऱ्या टप्प्यावर उभं राहिलं की दक्षिणेचं आकाश मोकळं दिसायचं. खाली राखेचा ढीग, पलीकडे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, डोंगर, त्याच्याही पलीकडे नंबर लागायची वाट बघत सुटलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. डिसेंबरच्या रात्रपाळीत बाराच्या सुमाराला चहा प्यायला मी तिथं जायचो. व्याध डोक्याकडे चढलेला असायचा आणि त्याच्या बराच खाली, उसाच्या फडांवर वीतभर उंचीला, एक मोठा तारा एकट्यानं लुकलुकत असायचा. आमच्या जुन्या फायरमननी, ज्यांना सगळे तात्या म्हणत, पहिल्याच हंगामात मला तो दाखवला होता. “तो अगस्ती. समुद्र प्यालेला माणूस. दक्षिणेला गेला तो परत फिरला नाही.” एवढं बोलून तात्या बिडी विझवून परत भट्टीसमोर गेले. विंध्याची गोष्ट मला शाळेपासून ठाऊक होती, पण तो आकाशात रोज दिसतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर नातवाच्या फोनवर आकाश दाखवणारं ॲप आलं. गच्चीवर त्यानं फोन दक्षिणेला धरला आणि अगस्तीच्या जागी ‘कॅनोपस’ अशी अक्षरं उमटली. त्या नावाचा माग काढत गेलो तर ताऱ्याऐवजी हाती लागली एक ब्रिटिश युद्धनौका. तीही अशी, की तिच्या बॉयलरबद्दल वाचायला लागलो आणि रात्रीचे दोन वाजले ते कळलं नाही.

नावाचं आधी सांगून टाकतो, कारण मीही सुरुवातीला फसलो. ही नौका ताऱ्याच्या नावाची नाही. इजिप्तच्या किनाऱ्यावर अबुकिरच्या उपसागराजवळ कॅनोपस नावाचं प्राचीन शहर होतं. १७९८ साली त्या उपसागरात नेल्सननं फ्रेंच आरमार मोडलं, तेव्हा ‘फ्रँकलिन’ नावाचं फ्रेंच जहाज इंग्रजांच्या हाती लागलं. त्याचं त्यांनी ‘कॅनोपस’ असं बारसं केलं. ते जहाज बांधणीला इतकं देखणं होतं की इंग्रजांनी पुढं त्याच्याच घाटाची जहाजं बांधली, आणि त्यातलं एक, ‘गँजेस’, १८२१ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलं गेलं. म्हणजे पहिल्या कॅनोपसची एक लेक आपल्या मुंबईची. मला भेटली ती कॅनोपस मात्र पोलादाची, १८९७ साली पोर्ट्समथला पाण्यात उतरलेली.

तिचा आराखडा सर विल्यम व्हाइट यांचा. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न तसा आपल्याही घरात पडणारा होता. बंगला हवा, पण गल्लीतून आत गेला पाहिजे. अतिपूर्वेला जपान आरमार वाढवत होता, तिकडं पाठवायला युद्धनौका हव्या होत्या, आणि त्या सुवेझ कालव्यातून सुखरूप जायला हव्या होत्या. त्यामुळे आधीच्या ‘मॅजेस्टिक’ वर्गापेक्षा सुमारे दोन हजार टन वजन कमी, पाण्यात बुडणारा भाग कमी, आणि तरी चार बारा-इंची तोफा व बारा सहा-इंची तोफा कायम. वजन काढलं कुठून? चिलखतातून. मॅजेस्टिकच्या कुशीला नऊ इंचाचा पट्टा होता, कॅनोपसला सहा इंचाचा. मात्र पोलाद वेगळं होतं. एसेनच्या क्रुपनं शोधलेल्या पद्धतीनं कडक केलेलं, त्यामुळे पातळ असूनही बरंचसं तेवढंच तग धरणारं. जर्मनांशी लढायला जर्मन कृतीचं चिलखत. पण १८९७ साली तिचा शत्रू जर्मन असेल असं ठरलेलंच कुठं होतं?

माझं घोडं अडलं ते खालच्या मजल्यावर. कॅनोपस वर्ग हा इंग्रजांच्या युद्धनौकांमधला वॉटर-ट्यूब बॉयलर घेणारा पहिला वर्ग. त्याआधीच्या नौकांत आग नळ्यांतून जायची आणि पाणी नळ्यांच्या भोवती असायचं. मोठं भांडं, भरपूर पाणी, तापायला वेळ आणि फुटलं तर सगळंच गेलं. वॉटर-ट्यूबमध्ये उलटं. पाणी नळ्यांत, आग बाहेर. पाणी थोडं, त्यामुळे वाफ पटकन धरते आणि प्रेशर जास्त सोसतं. कॅनोपसवर बेलव्हिल पद्धतीचे वीस बॉयलर होते, आणि त्यांचं प्रेशर होतं चौरस इंचाला ३०० पौंड. मॅजेस्टिकच्या जवळजवळ दुप्पट.

तीनशे पौंड म्हणजे आमच्या भाषेत, चौरस सेंटिमीटरला, एकवीस किलो. आमच्या कारखान्याच्या एक नंबर बॉयलरच्या पाटीवरही एकवीसच कोरलेलं होतं. हे वाचल्यावर मी चष्मा काढून थोडा वेळ नुसता बसलो. सत्तरेक वर्षांच्या अंतरानं बांधलेल्या दोन वस्तू, एक अटलांटिकमध्ये तोफा वाहायला, दुसरी साखर शिजवायला, आणि प्रेशर एकच.

वॉटर-ट्यूब बॉयलर सांभाळणं हे नखऱ्याच्या गाईला सांभाळण्यासारखं काम आहे. पाणी स्वच्छ लागतं. नळीत क्षार धरला की तिथली उष्णता पाण्याला पोचत नाही, नळी लाल होते, फुगते आणि एक दिवस फाटते. समुद्रावर तर कंडेन्सरला, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या यंत्राला, बारीकशी गळती झाली तरी खारं पाणी आत येणार. बेलव्हिलवरून इंग्रजांच्या पार्लमेंटपर्यंत भांडणं गेली, चौकशी समिती बसली, ती मुख्यतः ह्याच दुखण्यांवरून. जुन्या बॉयलरवर वाढलेले इंजिनिअर नव्याला नावं ठेवत होते, आणि नवा खरंच नाजूक होता. अशा भांडणात दोन्ही बाजू बरोबर असतात, हे मी चाळीस हंगामांत अनेकदा पाहिलं. तरीही ट्रायलला ह्या वर्गानं १८ नॉटचा, म्हणजे तासाला अठरा सागरी मैलांचा, वेग गाठला, जो त्या काळी युद्धनौकेला चांगलाच मानला जाई.

ज्या जपानसाठी तिला बांधलं, त्याची गंमत पाहा. १९०५ साली तिला चीनच्या ठाण्यावर पाठवलं. ती कोलंबोपर्यंत पोचली. तोवर इंग्लंड-जपानच्या मैत्रीच्या कराराचं नूतनीकरण झालं, आता तिकडे तुझं काम नाही म्हणून कोलंबोवरूनच तिला माघारी बोलावलं. ज्या पाहुण्याच्या धाकानं घर बांधलं तोच जावई झाला. पुढच्याच वर्षी ‘ड्रेडनॉट’ आली, दहा बारा-इंची तोफा, टर्बाइन, २१ नॉट. त्या एका नौकेनं जगातल्या सगळ्या युद्धनौका एका रात्रीत म्हाताऱ्या केल्या. अजून दहाही वर्षं न झालेली कॅनोपस ‘ड्रेडनॉटपूर्व’ ह्या खणात जाऊन पडली. मग राखीव ताफा, गोदी, थोडेच खलाशी.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि तिला बाहेर काढलं. खलाशी बहुतेक राखीव दलातले, घरून बोलावलेले. थोडे दिवस इंग्लिश खाडीत, मग केप व्हर्डेकडे, मग ब्राझीलच्या किनाऱ्याशी, आणि मग आणखी खाली, दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या फॉकलंड बेटांवर.

तिकडं रिअर ॲडमिरल ख्रिस्तोफर क्रॅडॉक वाट बघत होता. पॅसिफिक ओलांडून येणाऱ्या जर्मन ॲडमिरल फोन श्पेच्या ताफ्याला गाठायचं काम त्याच्या अंगावर. श्पेजवळ ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नाइझेनाउ’ ह्या दोन चिलखती क्रूझर, आरमारात नेमबाजीची बक्षिसं मिळवलेल्या. क्रॅडॉकजवळ ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’, जुन्या, आणि त्यांच्यावरही राखीव दलातली माणसं. ‘डिफेन्स’ ही चांगली क्रूझर त्याला हवी होती. मिळाली कॅनोपस. आरमार खात्याचा प्रमुख चर्चिल तिच्याकडे किल्ला म्हणून बघत होता. तिच्या बारा-इंची तोफांच्या आसऱ्याला आपल्या क्रूझर राहिल्या तर श्पेची जवळ यायची छाती होणार नाही, असा त्याचा हिशेब. नकाशावर तो चुकीचाही नव्हता.

पण २२ ऑक्टोबरला ती बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्ली बंदराला पोचली ती एक निरोप घेऊन. इंजिनं दुखावलेली आहेत, बारा नॉटच्या वर जाणार नाहीत. क्रॅडॉकनं हात टेकले. बारा नॉटच्या नौकेला बांधून घेऊन वीस नॉटनं पळणाऱ्या शत्रूला गाठायचं कसं? तिला त्यानं कोळशाच्या जहाजांची राखण करत मागाहून यायला सांगितलं आणि आपण पुढे निघून गेला. आरमार खात्यालाही तसं कळवून टाकलं.

बंदर मागे पडल्यावर कॅनोपसचा एक हाताखालचा इंजिनिअर कॅप्टन हीथकोट ग्रँटकडे गेला. त्यानं सांगितलं की इंजिनांना काहीही झालेलं नाही. मुख्य इंजिनिअर कमांडर इंग्लंडहून निघाल्यापासून केबिनच्या बाहेर फारसा पडलाच नाही, खाली इंजिनरूममध्ये आला नाही, आणि तिथूनच दुखण्याचे अहवाल देत राहिला. नौका सोळा-साडेसोळा नॉटनं सहज जाऊ शकत होती. त्या माणसाला पुढं आजारी म्हणून परत पाठवलं. पण कॅप्टननं ही बातमी क्रॅडॉकला कळवली नाही. कोळशाची संथ जहाजं बरोबर आहेत, तसंही वेग तेवढाच राहणार, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं.

ह्या मुख्य इंजिनिअरचं नाव सगळीकडे छापलेलं आहे. मी ते इथं लिहीत नाही. कारण मी त्या केबिनमध्ये राहून आलो आहे.

आमच्या एक नंबर बॉयलरची नळी एका हंगामात भर रात्री फाटली. माझी पाळी. फाटताना आवाज मोठा होत नाही, एक लांब फुस्स येतं आणि मग दाराच्या फटींतून वाफ. एक तरुण फायरमन दारासमोर होता, त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो वाचला, हातही वाचला, पण पुढं तो गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, बदली मागून गेला. नळ्या बदलल्या. इन्स्पेक्टर आले, दीडपट पाण्याच्या दाबावर तपासणी झाली, साडेएकतीस किलोवर काटा अर्धा तास हलला नाही. बॉयलर पास.

मी मात्र नापास. त्यानंतर माझ्या पाळीत काटा अठराच्या पुढं गेला की मला घाम फुटायचा. लॉगबुकात मी लिहिलं, “ट्यूबची अवस्था पाहता १८ किलोच्या वर प्रेशर नेऊ नये.” अवस्था कुणी पाहिली होती? मी तर नाहीच. मी हंगाम संपेपर्यंत एक नंबरच्या पुढच्या दारापाशी गेलो नाही. पॅनेलच्या खोलीत काचेमागं बसून राहायचो आणि खालून आकडे मागवायचो. वरच्या साहेबांनी सही केली. साहेबांच्या वरच्या साहेबांनी ते खरं मानलं. वाफ कमी, म्हणून टर्बाइन मंद, म्हणून गाळप मंद, म्हणून अड्ड्यावर गाड्या दीड-दीड दिवस जादा उभ्या. ऊस वाळतो हो उन्हात, वजन घटतं, आणि घटलेल्या वजनाचे पैसे शेतकऱ्याला कोण देतो? त्या हंगामात माझ्या हाताखालचा एक पोरगा एकदा चहाच्या वेळी म्हणाला होता, “सर, एक नंबरला काही झालेलं नाही.” मी त्याला म्हणालो, तू फीड पंप बघ.

तेव्हा मला कुणी खोटारडा म्हटलं असतं तर मी खवळून उठलो असतो. मला खरंच वाटत होतं की बॉयलर आजारी आहे. आजारी मी होतो, आणि भीती माणसाला किती तांत्रिक भाषेत बोलायला लावते हे मला त्या लॉगबुकानं शिकवलं. कॅनोपसच्या खालच्या मजल्यावर त्या माणसाला नक्की कशाचं भय होतं हे त्यानं कुठं लिहून ठेवलेलं नाही. वीस बॉयलर, जुन्या नळ्या, घरून बोलावलेले स्टोकर, आणि पुढ्यात दक्षिण अटलांटिक. मला कल्पना करायला जड जात नाही.

१ नोव्हेंबर १९१४. चिलीच्या किनाऱ्यावर कोरोनेलच्या समोर क्रॅडॉक आणि श्पे संध्याकाळी एकमेकांना दिसले. सूर्य मावळला आणि इंग्रजांच्या नौका पश्चिमेच्या उजेडावर कापून काढल्यासारख्या काळ्या उठून दिसू लागल्या. जर्मन नौका किनाऱ्याच्या अंधारात विरून गेल्या. आठच्या सुमाराला गुड होप गेली, सव्वानऊनंतर मॉनमथ. दोन्ही नौकांवरचा एकही माणूस वाचला नाही, मिळून सोळाशेच्या आसपास. जर्मनांचे तीन जखमी. कॅनोपस त्या वेळी अडीचशे-तीनशे मैल दक्षिणेला, कोळशाची जहाजं घेऊन लाटा कापत येत होती.

ती तिथं असती तर? ह्यावर लोकांनी शंभर वर्षं कागद काळे केले आहेत. माझं मत विचाराल तर ती असती तरी जिंकली नसती. तिच्या तोफा जुन्या आखूड नळीच्या, त्यांचा पल्ला जर्मनांच्या आठ-इंचींहून फारसा पुढं नाही, आणि त्या चालवणाऱ्यांना सरावच नव्हता. पण लढाई कदाचित झालीच नसती. श्पेनंच नंतर घरी लिहिलं की अशा नौकेपुढं आपलं फार काही चालणार नाही, इंग्रज एकत्र राहिले असते तर आपलीच बाजू बहुधा पडती झाली असती. म्हणजे बघा, ज्याला खरोखर भय वाटत होतं तो शत्रू होता, आणि ज्यांनी तिच्यावर भरवसा ठेवायचा त्यांनी बारा नॉट हा आकडा धरून तिला सोडून दिलं. किल्ला, ओझं, बागुलबुवा, प्रत्येकाची कॅनोपस वेगळी. खालच्या काट्याकडे जाऊन बघितलं ते फक्त त्या एका हाताखालच्या इंजिनिअरनं, आणि त्याचा निरोप कॅप्टनच्या केबिनच्या पुढं गेला नाही.

जिंकलेला श्पे वालपरायसोला गेला तेव्हा कुणी त्याला फुलं दिली. तो म्हणाला, माझ्या कबरीवर शोभतील. ही आठवण सगळीकडे सांगतात, आणि ती मला खरी वाटते. दारूगोळ्याचा बराच भाग संपलेला, परत भरायला जवळ बंदर नाही, अशा माणसाचं बोलणं आहे ते.

कॅनोपस माघारी फॉकलंडला आली. तिथून उत्तरेला निघाली, तर पुन्हा हुकूम आला की परत जा आणि बेटांची राखण कर. आणि इथून तिची खरी नोकरी सुरू होते, जिच्यासाठी तिचा वेग अठरा असो की बारा, काहीच फरक पडत नव्हता. ग्रँटनं तिला पोर्ट स्टॅन्लीच्या आतल्या बंदरात नेऊन मुद्दाम चिखलात रुतवलं. युद्धनौका बंदरात रुतवणं म्हणजे कॅप्टनच्या नोकरीवर गदा, पण इथं तोच बेत होता. सखल टेकाडाच्या आडोशाला ती बसली, शिडाकाठ्यांचे वरचे तुकडे उतरवले, अंगावर बेटाच्या रंगाचे पट्टे ओढले. छोट्या तोफा किनाऱ्यावर चढवल्या, सत्तरेक मरीन उतरवले, आणि तेलाच्या पिंपांचे सुरुंग करून बंदराच्या तोंडाशी पेरले. टेकडीवर टेहळणीची जागा केली आणि तिथून नौकेपर्यंत टेलिफोनची तार ओढली, कारण नौकेवरून समुद्रच दिसत नव्हता. तोफा डागायच्या त्या टेकाडावरून पलीकडे, टेलिफोनवर सांगतील तशा.

हे वाचताना मला आमच्या बंद गिरणीचं आठवलं. जुन्या गिरणीचं इंजिन काढून तिचा पाया तेवढा ठेवला होता, आणि पुढं नव्या मोटारी त्याच पायावर बसवल्या. पाया हलला नाही, हेच त्याचं काम.

७ डिसेंबरला ॲडमिरल स्टर्डी ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ ह्या दोन बॅटलक्रूझर आणि बाकीचा ताफा घेऊन बंदरात आला. कोळसा भरायला लागले. त्याच रात्री कॅनोपसवर एक क्षुल्लक गोष्ट घडली. दुसऱ्या दिवशी सराव होता, आणि पुढच्या व मागच्या तोफघरांत चढाओढ. मागच्या तोफघराच्या लोकांनी रात्रीच गुपचूप सरावाचे गोळे भरून ठेवले, म्हणजे सकाळी आपण आधी. सरावाचा गोळा म्हणजे पोटात दारू नसलेला ठोकळा. आमच्याकडेही रात्रपाळी सकाळपाळीवर टनाची कुरघोडी करायला शेवटच्या तासात गव्हाण भरून ठेवायची आणि पुढच्यांना शिव्या खायला सोडून घरी जायची.

सकाळी पावणेआठच्या पुढं टेकडीवरच्या माणसाला धूर दिसला. श्पेच्या ग्नाइझेनाउ आणि न्यूर्नबर्ग ह्या नौका वायरलेस केंद्र फोडायला येत होत्या. बंदरातला ताफा कोळशाच्या धुळीत बुडालेला, इंजिनांत वाफ नाही. त्या वेळी श्पेनं तडक आत घुसून मारा केला असता तर काय झालं असतं, हे सांगायला फारशी कल्पना लागत नाही. नऊ वीसला चिखलातल्या कॅनोपसनं अकरा हजार यार्डांहून लांबवर टेकाडावरून पहिली फैर झाडली. खरे गोळे आधीच पाण्यात पडून फुटले. पण मागच्या तोफघरातला सरावाचा ठोकळा पाण्यावर आपटला, न फुटता चापट दगडासारखा उसळला आणि ग्नाइझेनाउच्या मागच्या धुराड्यात जाऊन बसला.

मी मोठ्यानं हसलो. बायको आतून म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, रात्रपाळीनं काम केलं.

जर्मन नौका वळल्या. बंदरात बारा-इंची तोफा आहेत, आणि थोड्या वेळात तिपायी डोलकाठ्याही दिसल्या, म्हणजे बॅटलक्रूझर. श्पे पळाला, आणि २५ नॉटच्या नौकांपुढं पळून कुठं जाणार? शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाउ, न्यूर्नबर्ग, लाइपझिग, चारी रात्रीपर्यंत बुडाल्या. ड्रेस्डेन तेवढी निसटली. दोन हजारांच्या आसपास जर्मन गेले, त्यात श्पे आणि वेगवेगळ्या नौकांवर असलेले त्याचे दोन्ही मुलगे. कॅनोपस जागची हलली नाही. हलूच शकत नव्हती.

त्या रात्रीचं एक गणित मी नंतर कागदावर केलं आणि नातवाकडून तपासून घेतलं. पोर्ट स्टॅन्ली विषुववृत्ताच्या दक्षिणेला पावणेबावन्न अंशांपाशी आहे. अगस्ती ताऱ्याची जागा आकाशात दक्षिणेला बावन्न अंश आणि वर दोन-तृतीयांश. फरक जेमतेम एका अंशाचा. म्हणजे त्या गावी अगस्ती कधी मावळत नाही, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मध्यरात्र उलटून तासा-सव्वातासानं तो बरोबर डोक्यावर येतो. मागच्या तोफघराचे लोक हळूच ठोकळे भरत होते त्या रात्री, ढगांआड असो वा नसो, कॅनोपस तारा कॅनोपस नौकेच्या माथ्यावरून गेला. आमच्या जिन्यावरून तो फडाच्या वर वीतभर दिसायचा. नौकेचं नाव ताऱ्यावरून नाही हे मी वर सांगितलंच, तरीही मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तात्या असते तर त्यांना सांगितलं असतं.

पुढचं भराभर सांगतो. चिखलातून निघून ती १९१५ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीला गेली. तुर्कांच्या किल्ल्यांवर मारा केला. एप्रिलमध्ये फौजा किनाऱ्यावर उतरल्या त्या दिवशी बुलेरकडे शत्रूला चकवायच्या कामात होती. पण मला आवडतात ते तिचे दोन ओढायचे प्रसंग. फॉकलंडला तिच्या डोळ्यांदेखत दिमाखात निघून गेलेली इन्फ्लेक्सिबल १८ मार्चला सुरुंगावर आदळली. तिला दुरुस्तीला माल्टाकडे नेताना वाटेत ती बुडायला टेकली, तेव्हा शेवटचा टप्पा कॅनोपसनं तिला दोर लावून उलटी, मागच्या बाजूनं ओढत बंदरात नेली. मे महिन्यात तिची बहीण ‘अल्बियन’ गाबा टेपेसमोर वाळूत रुतली आणि किनाऱ्यावरून तोफांचा पाऊस सुरू झाला. तिलाही गोळ्यांच्या वर्षावात ओढून काढलं कॅनोपसनंच. ही अल्बियन म्हणजे जन्मापासून दुर्दैवी. १८९८ साली लंडनजवळ ब्लॅकवॉलला ती पाण्यात उतरली तेव्हा उठलेल्या लाटेनं बघ्यांचा माचा कोसळला आणि ३४ माणसं बुडाली, त्यात बरीच बायका आणि मुलं.

आणखी एक बहीण, ‘ओशन’. तिचं आपल्याशी नातं आहे. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणच्या आखाताकडे निघाली, तेव्हा त्या जहाजांची राखण ओशननं केली. त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. साताऱ्या-कोल्हापुराकडची, कोकणातली पोरं. मुंबईचा किनारा दिसेनासा झाल्यावर त्यांना समोर दिसत राहिला तो ह्या नौकेच्या दोन धुराड्यांचा धूर, एकामागे एक. (तीही कॅनोपस वर्गाची नवी सोय, आधीच्या नौकांत धुराडी शेजारी-शेजारी असत.) नोव्हेंबरात ते फावपाशी उतरले, आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये इराकमधल्या कुतला वेढ्यात उपाशी राहून डिव्हिजन शरण गेली. ओशन त्याआधीच, इन्फ्लेक्सिबलला सुरुंग लागला त्याच दिवशी, दार्दानेल्सच्या तळाशी गेली होती. ‘गोलायथ’ ही आणखी एक बहीण दोन महिन्यांनी तिथंच.

कुतचा तो एप्रिल होता, त्याच महिन्यात कॅनोपसला चॅथमला आणून खलाशी उतरवले, कारण पाणबुड्यांच्या मागावर जाणाऱ्या नव्या छोट्या नौकांना माणसं हवी होती. शेवटी तिच्यात नुसती माणसं झोपायची, वसतिगृह म्हणून. १९२० च्या फेब्रुवारीत ती भंगारात विकली गेली आणि डोव्हरला तोडली. स्टॅन्लीजवळच्या एका टेकडीला मात्र अजून कॅनोपस हिल म्हणतात, आणि ८ डिसेंबरला तिथं सुट्टी असते.

आमचा एक नंबर बॉयलर मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी निघाला. नवा आला, सदुसष्ट किलोचा, वीजही करणारा. जुना कापायला भंगारवाल्याची माणसं आली तेव्हा मी, किती वर्षांनी कुणास ठाऊक, त्याच्या पुढच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. गॅस-कटरवाला पोरगा आत वाकून नळ्या कापत होता. एक तुकडा त्यानं बाहेर टाकला, हातमोज्यानं पुसला, आतून उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, आतून साफ आहे. अजून वीस हंगाम चालला असता.”

मी तो तुकडा घरी आणला. हातभर लांब, गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्यांमागं असतो. दिवाळी संपली की नातू पहाटे उठवतो, फोन दक्षिणेला धरतो. मी त्याला म्हणतो, फोन खाली ठेव, आधी डोळ्यांनी शोध.